डाव्या मनगटावरचा वळ

१

सदऱ्याची बाही दुमडताना उर्मिलेला वडिलांच्या डाव्या मनगटावर वळ दिसला.

मनगटाला चारी बाजूंनी वेढून गेलेला, दोन बोटं रुंद, गुलाबीसर वळ. खिडकीच्या वरच्या कमानीत निळ्या-तांबड्या काचा होत्या. कलत्या उन्हात त्यांचे रंग भिंतीवरून सरकत कमलाकांतांच्या पांढऱ्या धोतरावर उतरले होते. क्षणभर तिला वाटलं, हाही काचेचाच रंग असेल. तिनं त्यांचा हात सावलीत घेतला. वळ तसाच राहिला.

"बाबा, हे काय झालं?"

कमलाकांतांनी मनगटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं असावं. "आईनं सांगितलंय, बाहेर जायचं नाही," ते हळूच म्हणाले. "तूसुद्धा जाऊ नकोस."

त्यांच्या आईला जाऊन जमाना लोटला होता.

कमलाकांत त्रिलोकेकरांचा सगळा जन्म बंदर खात्यात नकाशे काढण्यात गेला होता. मुंबईच्या किनाऱ्याची खाच न् खाच त्यांच्या हाताला पाठ होती. पण गेली दोन-तीन वर्षं त्यांना आपल्याच घरातली न्हाणीघराची वाट सापडेनाशी झाली होती. उर्मिला त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न केलेलं नाही, दादरला शाळेत शिकवायची, तिथंच वडिलांना घेऊन राहायची. ती शाळेत गेली की शेजारीण लक्ष ठेवी. एक दिवस दार उघडं राहिलं आणि कमलाकांत ट्रामच्या रुळांमधून परळच्या दिशेनं निघाले. मागे ट्राम घंटा बडवतेय आणि हे आपले संथपणे पुढे. त्यानंतर एकदा त्यांनी पेटता स्टोव्ह उशाशी नेऊन ठेवला. तेव्हा मात्र डॉक्टर म्हणाले, "उर्मिलाबाई, आता दोनच मार्ग. एक वेड्यांचं इस्पितळ. नाहीतर गिरगावातलं नर्सबाईंचं घर."

अठ्ठावन्न सालच्या त्या हिवाळ्यात, भान हरवलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं असं एखादं घर मुंबईत असेल, हेच फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खोताच्या वाडीला लागून असलेलं लाकडी दुमजली घर. चालवणाऱ्या सरोजिनीबाई नवलकर म्हणजे निवृत्त परिचारिका. त्यांनी उर्मिलेला स्पष्ट सांगितलं होतं, "पंधरवडाभर ठेवून पाहा. पटलं तर राहू द्या, नाहीतर घेऊन जा."

पंधरवडा संपत आला होता आणि उर्मिलेला जवळजवळ पटलंही होतं.

आता तिला आठवलं, गेल्या खेपेलाही याच मनगटावर काहीतरी फिकट दिसलं होतं. घड्याळाच्या पट्ट्याची खूण असेल, असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं. पण बाबांनी घड्याळ बांधणं कधीच सोडलं होतं.

कुणीतरी तिच्या वडिलांना बांधून ठेवत होतं.

२

"ओरडू नकोस, कुणाला काही बोलू नकोस," वासंती मानकर म्हणाली. "उद्या मी तुझ्याबरोबर येते."

वासंती ही उर्मिलेची शाळेपासूनची मैत्रीण. मुलांच्या कोर्टासाठी अनाथाश्रमांची तपासणी करणं हीच तिची नोकरी. समोरच्यानं दाखवलेलं पाहायचं नाही, ही तिची सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नर्सबाईंच्या घरात शिरली ती सरळ मोरीत गेली. टॉवेल हुंगले. गाद्या उचलून पाहिल्या. मग कमलाकांतांपाशी बसून, गप्पा मारत मारत, त्यांची नखं पाहिली, कानांच्या मागे पाहिलं, पाठीवरून हात फिरवला.

घर झोपलं होतं. दुपारी तिथं सगळंच झोपायचं. म्हातारी माणसं, जिन्यावरचं मांजर, दोरीवरचे कपडेसुद्धा हलेनासे व्हायचे. कुठंतरी पलीकडच्या घरात कुणी व्हायोलिनवर एकच सूर पुन्हा पुन्हा घासत होतं आणि तो सूर झोपेतच ऐकू यावा तसा येत होता.

"नखं कापलेली, पाठीवर एक फोड नाही," वासंती पुटपुटली. "आमच्या आश्रमांत बांधून ठेवलेलं पोर मी लांबून ओळखते. ते दचकतं. तुझे वडील दचकत नाहीत. मी मनगट धरलं तर उलट हात पुढे करतात."

"म्हणजे?"

"अजून मला कळलेलं नाही. हे बघ." तिनं वळाजवळ बोट नेलं. "दोरी असती तर कातडी सोलवटली असती. हे कापड आहे. आणि या बारीक रेघा दिसतात? काठाची वीण उमटलीय. जाड काठ."

मग तिनं कमलाकांतांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. हाताला काहीतरी चिकट लागलं. गुळात घोळलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे, आल्याचा वास येणारे.

"बाबा गोड खातच नाहीत!" उर्मिला म्हणाली. "मी डब्यात कोळंबीचं भानोलं आणते, तेवढं चाटूनपुसून खातात. गोड कधीच नाही."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. गुळातून म्हाताऱ्या माणसाला झोपेचं काहीही देता येतं.

सरोजिनीबाई खालच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. वळाचं ऐकताच त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "माझ्या घरात कुणाला बांधत नाहीत. इस्पितळात तीस वर्षं मी बांधलेली माणसं पाहिली. तेवढ्यासाठीच हे घर काढलं. इथं एकच नियम आहे. जो दुसऱ्यावर हात टाकेल, तो इथं राहणार नाही. मग तो नोकर असो की राहायला आलेला."

त्यांनी धोंडूला हाक मारली. धोंडू म्हणजे पुरुषांचं सगळं करणारा गडी, आडव्या अंगाचा, सावकाश बोलणारा. त्यानं वळाची गोष्ट ऐकली, मान खाली घातली आणि म्हणाला, "मी धरलं होतं त्यांना. जिन्यावरनं पडत होते. जोरात धरलं गेलं."

"हातानं?" वासंतीनं विचारलं.

"व्हय."

"मग माझं मनगट धर."

धोंडू घुटमळला. शेवटी त्यानं धरलं. वासंतीनं हात सोडवून घेतला आणि सगळ्यांसमोर धरला. एका बाजूला चार बोटांचे ठसे, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा, मधे कोरी कातडी.

"त्यांच्या हातावर एकसारखा पट्टा आहे, धोंडू. बोटं नाहीत."

धोंडू चादरीची एक घडी उचलून निघून गेला.

"त्यानंच केलं," बाहेर येताच उर्मिला म्हणाली.

"केलं असतं तर नाही म्हणाला असता," वासंती म्हणाली. "न केलेला गुन्हा तो डोक्यावर घेतोय. कुणासाठी?"

३

स्वयंपाकघरात मीराबाई तांदूळ निवडत होती. घरातला स्वयंपाक तीच करायची आणि बायकांची वेणीफणीही. घोडपदेवच्या चाळीतून रोज पहाटे यायची. वासंतीनं गुळाचे तुकडे तिच्यापुढे ठेवले. मीराबाईचा हात सुपात थांबला.

"खाजं आहे," ती म्हणाली. "आमच्या जत्रेत मिळतं. इथं आमच्या चाळीत एक जण करतो. मी आणते."

"कुणासाठी?"

"माझ्या मावशीसाठी. इथंच राहते ती. ती काय, तिथं बसलीय."

जिन्याच्या तळाशी, खांबाला टेकून, एक लहानखुरी म्हातारी बसली होती. जाईबाई. नऊवारी लुगडं, पांढरे केस, आणि मांडीवर पदराचं टोक. ते ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. उर्मिला दर खेपेला तिच्याजवळून जात होती. तिनं तिच्याकडे नीट कधी पाहिलंच नव्हतं.

वासंतीनं खाज्याचा तुकडा तोंडात टाकला.

"वासंती, नको!"

"आलं आहे. गूळ आहे. बाकी काही नाही." ती चघळत म्हणाली. मग जाईबाईंपाशी उकिडवी बसली. "मावशी, छान आहे हो खाजं. तुम्ही खात नाही?"

"माका दात खंय?" जाईबाई हसल्या. "झिलाक ठेवतंय. तेका आवाडता." मुलाचं सांगता सांगता त्यांनी एकदम वासंतीचा हात धरून, कानाशी तोंड नेत विचारलं, "मोर्चो गेलो काय गो?"

"कोणता मोर्चा, मावशी?"

जाईबाईंचे डोळे पुन्हा लांब कुठंतरी गेले. मीराबाई घाईघाईनं पुढे आली. "ती असंच काहीतरी बोलते बाई. तिचं मनावर घेऊ नका." आणि मावशीला उठवून आत घेऊन गेली.

दोघी वाडीतून बाहेर पडल्या. लाकडी सज्जांवर ऊन पिवळं झालं होतं. एका पायरीवर कुणीतरी खारवलेले मासे वाळत घातले होते.

"पहिला वळ दिसला तो दिवस आठव," वासंती म्हणाली. "आणि कालचा. दोन्ही दिवसांत सारखं काय?"

"काहीच नाही. मी शाळा सुटल्यावर आले. दोन्ही वेळेला उशीर झाला, एवढंच."

"का?"

"ट्राम भायखळ्याला अडली होती. तिथून चालत आले."

"दोन्ही वेळा?"

"हो. पुढे रस्ता भरला होता. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा..." उर्मिला बोलता बोलता थांबली.

वासंतीही थांबली होती. "आणि मोर्चा नव्हता त्या दिवशी वळ नव्हता," ती म्हणाली. "पुढचा मोर्चा कधी आहे गं?"

४

तो शनिवारी होता, चौपाटीकडे जाणारा.

शनिवारी दुपारी वासंतीनं उर्मिलेला आणि सरोजिनीबाईंना बोलावून कमलाकांतांच्या वरच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत बसवलं. मधे फक्त झिरझिरीत पडदा. पलीकडे कमलाकांत खाटेवर बसून हवेत बोटानं एक लांब, नागमोडी रेघ काढत होते. किनाराच असावा.

"तुम्हाला काय वाटतंय ते आधी सांगा," सरोजिनीबाई कुजबुजल्या. "मला माझ्या घरात हेरासारखं बसायला आवडत नाही."

"सांगते. बांधलंय ते जाड काठाच्या लुगड्यानं. नऊवारी तुम्ही नेसत नाही, मीराबाई आणि जाईबाई नेसतात. बांधणाऱ्यानं आधी गोड भरवलंय, म्हणजे राग नाही, माया आहे. बांधलं जातं ते फक्त मोर्चाच्या दिवशी. मीराबाईला मोर्चाचं काय? मोर्चाच्या दिवशीही ती त्यातूनच वाट काढत घरी जाते. आणि कमलाकांत म्हणतात, आईनं सांगितलंय बाहेर जाऊ नको. त्यांना त्यांची आई आठवत असेल असं आपण धरून चाललो. पण हे कुणीतरी त्यांना खरंच सांगत असेल तर? आता सांगा, जाईबाईंचा मुलगा कुठं आहे?"

दाराशी मीराबाई केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणालाच कळलं नव्हतं. तिनंच उत्तर दिलं.

"भिवा गेला बाई. छप्पनच्या जानेवारीत. गिरणी बंद होती. मावशी म्हणत होती, आज जाव नको. तो हसला आणि गेला. लालबागच्या नाक्यावर गोळी लागली. तिला नेऊन दाखवला, तरी तिला पटलं नाही. तेव्हापासून..."

तेवढ्यात आवाज आला.

आधी तो आवाज नव्हताच, नुसती जमिनीतली थरथर होती. मग लाटेसारखा वर चढला. हजारो गळ्यांतून, गल्ल्यांच्या वळणांनी मऊ होत, झोपलेल्या घरात शिरला. *संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!* खिडकीच्या रंगीत काचा किंचित किणकिणल्या.

जिन्यावर पावलं वाजली. जाईबाई आल्या. एरवी भिंतीला धरून चालणाऱ्या, आता मुलीसारख्या भरभर. त्या कमलाकांतांसमोर उभ्या राहिल्या. कनवटीचं खाजं काढून त्यांच्या तोंडात घातलं, उरलेलं खिशात कोंबलं.

"भिवा, खंय चल्लंस रे? बस हय. थंय गोळये सुटतत."

कमलाकांतांनी तुकडा चावला. नावडती चव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. त्यांनी तो गिळला. आणि मग त्यांनी आपण होऊन डावा हात पुढे केला.

जाईबाईंनी पदराचं टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलं. गाठ मारली, घट्ट. दुसरं टोक जाईबाईंच्याच खांद्यावर होतं. मग त्या खाटेशी खाली बसल्या आणि डोळे मिटून त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकलं. बाहेर घोषणा उसळत होत्या. दोघं म्हातारी एका लुगड्यानं एकमेकांना बांधून निमूट बसली होती.

उर्मिला पडदा सारून आत धावली. वासंतीनं तिला धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. उर्मिला खाली वाकून गाठ सोडवू लागली.

जाईबाईंनी किंकाळी फोडली.

५

धोंडू पळत आला. त्यानं कुणाला हात लावला नाही. तो उर्मिलेजवळ बसला आणि अजिजीनं म्हणाला, "ताई, आत्ता नका सोडू. घोषणा थांबल्या की ती आपणच निजते. मग मी सोडतो. पहिल्या वेळी मी सोडवली, तर ती कपाळ आपटायला लागली जमिनीवर. तेव्हा यांनीच मला सांगितलं, राहू दे म्हणून."

"कुणी?"

"बाबांनी."

उर्मिलेनं वडिलांकडे पाहिलं. ते तिला गेल्या काही महिन्यांत नावानं ओळखत नव्हते. कधी मास्तरीणबाई म्हणत, कधी कुणाची तरी वहिनी. आता मात्र ते तिच्याकडे सरळ, थकलेल्या डोळ्यांनी पाहत होते.

"मी तिचा भिवा नव्हे," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "ते मला माहीत आहे. पण तिला सांगू नका. रडते."

उर्मिलेनं गाठीवरचे हात काढून घेतले. जाईबाईंचं रडं हळूहळू उतरलं. मोर्चा चौपाटीकडे वळला असावा, कारण आवाज पुन्हा नुसती थरथर होऊन राहिला आणि मग तीही विरली. जाईबाई बसल्या जागी झोपल्या. धोंडूनं गाठ सोडली, मीराबाईनं मावशीला उचलून घेतलं. जाताना दाराशी तिनं वळून सरोजिनीबाईंकडे पाहिलं, निकाल ऐकायला थांबल्यासारखं.

"तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवलंत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"तुमचा नियम," मीराबाई म्हणाली. "जो हात टाकेल तो राहणार नाही. चाळीत खोली आहे, पण दिवसभर तिला बघायला कोण? ती रस्त्यावर जाईल बाई. प्रत्येक मोर्चात त्याला शोधत जाईल."

सरोजिनीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. मग उर्मिलेला म्हणाल्या, "तुमचे वडील तुम्ही घेऊन जाऊ शकता. तुमची चूक म्हणणार नाही मी. माझ्या घरात माणूस बांधला गेला आणि मला पत्ता नव्हता."

उर्मिलेनं वासंतीकडे पाहिलं. "तू रोज घरं तपासतेस. तूच सांग."

"माझ्या कामात मी शेरा मारला असता," वासंती म्हणाली. "लपवाछपवी झाली, ते वाईटच. उद्या ती गाठ आणखी घट्ट बसली असती, हात काळा पडला असता. गडी भला आहे म्हणून भागलं. पण आतापर्यंत मी पाहिलेल्या कुठल्याही घरात, बांधलेल्या माणसाला बांधणारीची दया आलेली मी पाहिली नाही. शेरा काय मारू?"

त्या दिवशी उर्मिला वडिलांना घेऊन गेली नाही. निघण्याआधी तिनं दोन गोष्टी मागून घेतल्या. यापुढे या घरात घडेल ते सरोजिनीबाईंना कळलंच पाहिजे, आणि सरोजिनीबाईंनी त्यासाठी कुणाला घालवायचं नाही. त्यानंतर मोर्चाच्या दिवशी शाळेतून रजा काढून ती स्वतः यायची. ती जाईबाईंचा पदर आपल्या मनगटाला सैल गुंडाळून घ्यायची आणि दुसरा हात वडिलांच्या हातात द्यायची. तिघं तशीच बसून राहायची. जाईबाई तिला कधी सून समजायच्या, कधी कुणीच नाही. कमलाकांत बोटानं तिच्या तळहातावर किनारा काढायचे. वळ पुन्हा उमटला नाही. भीती मात्र जाईबाईंच्या अंगातून गेली नव्हती. रस्त्यावर कुणी नुसतं जोरात ओरडलं तरी त्या उठून उभ्या राहायच्या.

६

साठ सालचा मे उजाडला तेव्हा सारं गिरगाव गुढ्यातोरणांनी भरून गेलं होतं. महाराष्ट्र झाला होता. मुंबई महाराष्ट्रात आली होती. सकाळपासून लेझीम, ताशे, फटाके, आणि वाडीच्या तोंडाशी गुलालाचा धुरळा.

उर्मिला आत शिरली तेव्हा मीराबाई रडवेली होऊन मावशीला धरायचा प्रयत्न करत होती. इतका मोठा आवाज जाईबाईंनी गेल्या चार वर्षांत ऐकला नव्हता. त्या जिन्यावर धडपडत चढत होत्या. "भिवा! भिवा, भायर जाव नको!"

खोलीत कमलाकांत खुर्चीत बसले होते. आता त्यांचं बोलणं जवळजवळ संपलंच होतं. दिवसचे दिवस ते खिडकीकडे पाहत बसायचे. जाईबाईंनी त्यांचा हात धरला आणि पदर शोधू लागल्या. घाईत पदर सापडेना.

उर्मिला त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "जाईबाई, ऐका. आज भांडण नाही. गोळी नाही. लोक नाचताहेत. मुंबई मिळाली."

जाईबाई थांबल्या. "काय म्हणतंस?"

"मुंबई मिळाली. महाराष्ट्र झाला."

"गावली?"

"गावली."

म्हातारीनं खिडकीकडे कान दिला. ताशांच्या मधून लोकांचं हसू ऐकू येत होतं. पोरं शिट्या वाजवत होती. जाईबाई खूप वेळ ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल होत गेली आणि त्या, कुणालाही न उद्देशून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मगे आता तेका घराक येवक हरकत नाय."

मीराबाईनं तोंडाला पदर लावला. दाराशी सरोजिनीबाई आणि धोंडू येऊन उभे राहिले होते.

खुर्चीत कमलाकांत हलले. आठवडा आठवडा ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्यांनी घसा साफ केला. दोन्ही हात खुर्चीवर रेटत ते सावकाश उभे राहिले, बाहेरून आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहतो तसे.

"आई," ते म्हणाले, "आलो मी."